गाठ सापडल्यानंतरची तारीख

ऑक्टोबर, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना, आला की नागपुरातून येणाऱ्या मेसेजमध्ये आणि चर्चांमध्ये तेच दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढणारी, मशीन कमी आहेत. गाडी घ्या, वस्त्यावस्त्यांत फिरवा, परदेशात बघा कसं करतात. दुसरा म्हणतो, मशीन आणून काय होणार, आपल्या बायकाच लाजतात, दुखणं अंगावर काढतात आणि शेवटी येतात. इंग्लंडचं नाव दोघांच्याही तोंडी असतं. मी इंग्लंडमध्येच असतो; इकडे या तपासणीचं काम रोज जवळून दिसतं, आणि त्यामुळे या वादातलं इंग्लंड काही ओळखू येत नाही.

खरं तर त्यातलं नागपूरही नीटसं ओळखू येत नाही. पांढराबोडीत किंवा इमामवाड्यात राहून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला गाठ बहुतेक वेळा स्वतःलाच लागलेली असते, अंघोळ करताना. मशीननं शोधावी इतकी ती लहान राहिलेलीच नसते. वेळ जातो तो त्यानंतर. गाठ हाताला लागली तिथपासून बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडेपर्यंतचा जो काळ आहे, तो इकडे दिवसांनी मोजतात आणि त्याचा जाब विचारता येतो. आपल्याकडे तो महिन्यांनी जातो आणि त्याचा हिशेब कुणाकडेच नसतो. म्हणून माझं मत असं की गरीब वस्तीतल्या बाईसाठी पहिला पैसा या काळावर खर्च व्हावा. मशीनचं नंतर बघू.

आकडे आधी सांगून टाकतो म्हणजे वाद कशावर आहे ते कळेल. जागतिक कर्करोग नोंदींच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. म्हणजे दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. ब्रिटनमध्ये हे प्रमाण पाचांमागे एक असं पडतं. देशातल्या ११ नोंदणी केंद्रांच्या आकड्यांवरून केलेला, २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की गाठ स्तनापुरतीच असताना निदान झालं तर ५ वर्षांनी १०० पैकी ८१ बायका हयात असतात. काखेपर्यंत किंवा आजूबाजूला पसरल्यावर साधारण ६५. हाडं, फुप्फुस, यकृत गाठल्यावर १८. औषधं तीच, डॉक्टरही तेच. फरक बाई कधी पोचली याचा.

आता इंग्लंडबद्दल. १९८८ पासून इथे तपासणीचा कार्यक्रम आहे. पन्नाशीपासून एकाहत्तरावा वाढदिवस येईपर्यंत दर ३ वर्षांनी बाईला पत्र येतं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभी असलेली मॅमोग्राफीची गाडी आपल्याकडच्या पाहुण्यांना दिसते, फोटोही निघतात. पत्र कुणाला दिसत नाही. त्या पत्रात नुसतं ‘तपासणी करून घ्या’ असं नसतं. वार, वेळ आणि जागा ठरवून छापलेली असते. तारीख आधीच हातात आली की जास्त बायका येतात, हे पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. त्या पत्रामागे फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेल्या प्रत्येक बाईची यादी असते, आणि आली नाही तर तेही त्या यादीत उमटतं.

पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या सगळ्या यंत्रणेतून इथले जेमतेम एक तृतीयांश कर्करोग सापडतात. उरलेले आपल्यासारखेच सापडतात: बाईला काहीतरी वेगळं जाणवतं आणि ती डॉक्टरकडे जाते. तिथून पुढचा रस्ता मात्र आखलेला आहे. डॉक्टर तिला ब्रेस्ट क्लिनिकला पाठवतो. तिथे एकाच खेपेत हातानं तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर त्याच टेबलावर सुईनं तुकडा काढणं. पाठवल्यापासून २८ दिवसांत ‘आहे’ किंवा ‘नाही’ हे तिला सांगायचं आणि कर्करोग निघाला तर ६२ दिवसांच्या आत उपचार सुरू करायचे, असा नियम आहे. तो पाळला जातोच असं नाही. ६२ दिवसांचं उद्दिष्ट इथली रुग्णालयं कित्येक वर्षं चुकवत आहेत. पण चुकवल्याचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध होतात आणि त्यावरून सरकारला धारेवर धरता येतं. आपल्याकडे मोजलंच जात नाही, मग धारेवर कशावरून धरणार?

‘मशीन नाही म्हणून आपण काहीच करू शकत नाही’ हे म्हणणं तर मुंबईतच खोटं ठरलेलं आहे. टाटा रुग्णालयानं १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर २ वर्षांनी, एकूण ४ वेळा, फक्त हातांनी स्तन तपासले. मॅमोग्राफी नाही. २० वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्या वस्त्यांत ४७ टक्के होतं, तपासणी झालेल्या वस्त्यांत ३७. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगितलंच पाहिजे. पण कळमन्यातल्या किंवा टाकळी सीममधल्या पन्नाशीच्या बाईसाठी याहून जवळचा पुरावा जगात दुसरा नाही.

मात्र हातानं तपासणं म्हणजे हात लावणं नव्हे. आधी बाईला बसवायचं, कमरेपर्यंतचे कपडे पूर्ण काढून. हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून, अशा तिन्ही स्थितींत नुसतं बघायचं: एक बाजू ओढली गेली आहे का, कातडीवर खळगा पडतो का, संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, बोंड आत गेलं आहे का. मग आडवं करून, खांद्याखाली उशी, हात डोक्याखाली. मधल्या तीन बोटांची टोकं नव्हे तर पेरं वापरायची. रुपयाएवढी वर्तुळं, प्रत्येक जागी तीनदा: वरवर, मध्यम आणि बरगडी लागेपर्यंत खोल. गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या रेषेपर्यंत उभ्या पट्ट्यांत, काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, एकही पट्टी न सोडता. शेवटी काख आणि गळपट्टीच्या वरची खाच. एका बाजूला निदान ३ मिनिटं.

आता हे उपकेंद्रात आठवून बघा. पडदा नाही, दार अर्धं उघडं, बाहेर लसीकरणाची रांग. मग ब्लाऊजवरूनच अर्ध्या मिनिटात तपासणी उरकते आणि रजिस्टरमध्ये ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. हा ‘नॉर्मल’ शेरा तपासणी न झाल्यापेक्षा वाईट, कारण तो बाईला वर्षभर निर्धास्त करतो. एक पडदा, एक टेबल, एक उशी, आतून लागणारी कडी. शिबिराच्या मंडपाच्या खर्चात अशा कितीतरी खोल्या होतात.

कागदावर आपल्याकडे सगळं आहे. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरते. त्यात स्तनातली गाठ, बोंडातून रक्तासारखा स्राव आणि आकारातला बदल असे तीन थेट प्रश्न आहेत. ‘हो’ आलं की पुढे पाठवायचं. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनाची तपासणी कधीतरी झालेल्या १०० मागे एकही भरल्या नाहीत: ०.९ टक्के. आशाताईला फॉर्ममागे १० रुपये मिळतात. फॉर्म भरला की तिचं काम संपलं, असंच ही रचना सांगते. बाई पुढे पोचली का, तुकडा काढला का, रिपोर्ट आला का, यासाठी तिला ना पैसा ना अधिकार. दोष तिचा नाही.

नागपुरात उपचारांची कमतरता आहे असं कुणी म्हणू नये. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तुकडोजी पुतळ्याजवळचं कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, मिहानमध्ये एम्स आहे. इतक्या जागा असलेली शहरं देशात थोडी. अडचण अशी की हे सगळे वेगवेगळ्या मालकांचे. वस्तीतलं आरोग्य केंद्र महापालिकेचं, डागा हे बायकांचं रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं, मेडिकल-मेयो वैद्यकीय शिक्षण खात्याचे, एम्स केंद्राचं, बाकी ट्रस्टचे. एकीकडचा केसपेपर दुसरीकडे चालत नाही. महापालिकेच्या केंद्रातली सिस्टर चिठ्ठीवर ‘मेडिकलला दाखवा’ लिहिते. कोणत्या ओपीडीत, कोणत्या वारी, कुणाला, ते त्या चिठ्ठीत नसतं.

त्या चिठ्ठीनंतरच्या खेपा मोजून बघा. पहिल्या दिवशी केसपेपर आणि सर्जरीची ओपीडी. चुकून स्त्रीरोग विभागात गेली तर तो दिवस वाया. मग सोनोग्राफीची तारीख. मॅमोग्राफीची वेगळी. दोन्हींचे रिपोर्ट घेऊन पुन्हा ओपीडी. मग सुईची तारीख. मग रिपोर्ट. मग रिसेप्टरचा, म्हणजे हार्मोन रोखणारं औषध लागू पडेल का हे सांगणारा, रिपोर्ट. आठ खेपा सहज होतात. रोजावर असलेल्या बाईचे हे आठ रोज बुडाले, आणि सोबत आलेल्या नवऱ्याचे किंवा मुलाचेही. घरकाम करणारी चौथ्या सुट्टीला काम गमावते. पारडीहून जामठ्याला म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, मधे गाड्या बदलत. तिसऱ्या खेपेनंतर ती येत नाही तेव्हा आपण म्हणतो, बाईनं अंगावर काढलं.

योजनेचंही असंच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, पण मंजुरीसाठी अर्जाला बायोप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो. म्हणजे कर्करोग सिद्ध झाल्यावर दार उघडतं. तो सिद्ध करेपर्यंतचा खर्च, खासगीत गेल्यास काही हजारांचा, बाईच्याच पदरचा. सरकारी ठिकाणी पैसे कमी लागतात, पण तिथे वेळ मोजावा लागतो. संशयित गाठीची बायोप्सी आणि रिसेप्टर तपासणी दाखल न होताच योजनेत बसवली, तर माझ्या मते एखाद्या मशीनपेक्षा जास्त बायका लवकर उपचारापर्यंत पोचतील.

तुकडा काढण्यातही काय बिघडतं ते माहीत असलं पाहिजे, कारण हा भाग चर्चेत कधीच येत नाही. बारीक सुईनं नुसत्या पेशी ओढून काढल्या की ‘संशयास्पद’ एवढंच कळतं; कर्करोग दुधाच्या नळीतच आहे की बाहेर पडला आहे, रिसेप्टर कोणते, हे नीट कळत नाही, आणि दुसऱ्यांदा टोचावं लागतं. म्हणून पहिल्यांदाच जाड सुई, १४ गेजची, जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत ४ ते ६ तुकडे. ते लगेच, तासाच्या आत, १० टक्के फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण), आणि फॉर्मालिन तुकड्यांच्या दहापट. तिथे ते ६ तासांपेक्षा कमी आणि ७२ तासांपेक्षा जास्त राहता कामा नयेत. बाटलीत फॉर्मालिनऐवजी सलाइन असलं, किंवा शुक्रवारी दुपारी काढलेला तुकडा सुट्ट्यांमुळे मंगळवारपर्यंत पडून राहिला, तर रिसेप्टर असूनही ‘नाही’ असा रिपोर्ट येऊ शकतो. मग ज्या बाईला रोज एक स्वस्तातली हार्मोन रोखणारी गोळी कामी आली असती, तिला ती मिळतच नाही.

याहून वाईट म्हणजे छोट्या नर्सिंग होममध्ये ‘साधी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून केलेलं ऑपरेशन, ज्यात गाठ तपासायला पाठवतच नाहीत किंवा बादलीत जाते. काही महिन्यांनी त्याच टाक्यांजवळ ती परत येते, आणि तेव्हा पहिली गाठ केवढी होती, कडेला किती उरली, काहीच कळायला मार्ग नसतो. कुठलीही काढलेली गाठ लॅबला गेलीच पाहिजे. सुईचा रिपोर्ट आल्याशिवाय गाठीला सुरी लावू नये, एवढं सांगणारा एक साधा फलक प्रत्येक आरोग्य केंद्रात लावता येईल.

आता लाजेबद्दल. लाज आहे, पुरुष डॉक्टरपुढे अंग उघडं करणं आपल्याकडे सोपं नाही, आणि इकडे आलेल्या आपल्या बायकांनाही ते सोपं जात नाही. पण उशिराचं मोठं कारण मला वेगळं दिसतं: ही गाठ दुखत नाही. कामाला जाणाऱ्या बाईच्या जगात आजार म्हणजे दुखणं. दुखत नाही त्याच्यासाठी रोज बुडवायचा का? अंगावर पाजणारी असली तर दूध गोठलं म्हणतात, आणि सासू शेक द्यायला सांगते. पाजणाऱ्या बाईची गाठ दोन आठवड्यांत विरली नाही, तर सोनोग्राफी झालीच पाहिजे. दुसरी भीती सुईची: ‘टोचलं की पसरतं’. ही भीती अडाणीपणाची म्हणून झटकू नये. गल्लीतली जी बाई तपासून आली ती सहा महिन्यांत गेली, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ती बाई उशिरा गेली होती म्हणून गेली, सुईनं नाही, हे कुणीतरी बसून, नावगाव घेऊन समजावायला लागतं. आणि तिसरी भीती मुलीच्या लग्नाची. घरात कॅन्सर निघाला हे कळलं तर स्थळं येणार नाहीत, म्हणून आई गप्प राहते. दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त बायकांमध्ये हा आजार आईकडून मुलीकडे जाणाऱ्या एका बिघडलेल्या जनुकामुळे आलेला नसतो, हे सिस्टरनं स्पष्ट बोलावं.

जागृतीच्या नावाखाली दर महिन्याला ठरावीक दिवशी आरशासमोर स्वतः तपासण्याचे धडे देणं मला पटत नाही. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायकांवर याचा अभ्यास झाला; शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या गटांत मृत्यूंचा फरक पडला नाही, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. आपलं अंग ओळखीचं असावं आणि बदल दिसला की दोन आठवड्यांच्या आत दाखवावं, एवढं पुरेसं आहे. आणि हेही सांगावं की गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात सुमारे ५० हजार बायकांना तपासून २,८८० जणींना पुढच्या तपासण्यांची गरज वाटली. त्यातून कर्करोग निघाले ३०. हा आकडा ऐकला की दाखवायला जाण्याची भीती निम्मी होते.

मग इंग्लंडसारखी सरसकट मॅमोग्राफी का नको? तिचा हिशेब इथेही सरळ नाही. २०१२ मध्ये इथल्या स्वतंत्र समितीनं मांडलं की मॅमोग्राफीमुळे टळलेल्या प्रत्येक मृत्यूमागे साधारण ३ बायकांना असा कर्करोग सांगितला जातो, ज्यानं त्यांना आयुष्यात कधी त्रास दिला नसता. आपल्याकडे पन्नाशीच्या आतल्या रुग्ण बऱ्याच असतात, आणि तरुण स्तन दाट असल्यानं त्यात मॅमोग्राफीला गाठ दिसायला कठीण जाते. चाळिशीच्या आत सोनोग्राफी आधी करावी. उष्णता मोजून कर्करोग ओळखतो म्हणणारी यंत्रं हल्ली शिबिरांत दिसतात. ती मॅमोग्राफीला पर्याय नाहीत, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दिलेला आहे. आणि गरिबापर्यंत पोचण्यात इंग्लंड काही आदर्श नाही. जिथे गरिबी जास्त तिथे पत्राला उत्तर कमी, दक्षिण आशियाई बायका तर आणखी कमी येतात. पत्र इंग्रजीत, घर बदललं की पत्ता चुकीचा, रोजंदारीच्या कामात सुट्टी नाही. तेच अडथळे, फक्त थंडीतले.

शिबिरात मॅमोग्राफी होणारच असेल तर एका गोष्टीकडे लक्ष द्या. रिपोर्टवर शून्य ते सहा असा एक आकडा असतो. ४ किंवा ५ म्हणजे सुई हवीच. ३ म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा. पण ० म्हणजे ‘काही नाही’ असं नसून ‘तपासणी अपुरी, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी’ असा त्याचा अर्थ आहे. शून्य वाचून निश्चिंत होऊन घरी जाणं किती सोपं आहे बघा. आकड्यासोबत एक मराठी वाक्य छापायला काही खर्च येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ठेवलेलं लक्ष्य असं की बाई दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं. नागपुरात हे जमण्यासारखं आहे. आठवड्यातला एक वार, एक जागा, सोमवार किंवा मंगळवार, म्हणजे तुकडा सुट्टीत अडकणार नाही. त्या दिवशी सर्जन, सोनोग्राफी आणि सुई एकाच मजल्यावर, तपासणारी बाईच. महापालिकेच्या प्रत्येक केंद्राला त्या दिवसाच्या ठरावीक जागा राखून, म्हणजे सिस्टर तिथल्या तिथे तारीख देऊ शकेल. एक माणूस असा, ज्याच्याकडे यादी आहे आणि जो न आलेल्या बाईला तिसऱ्या दिवशी फोन करतो. आशाताईला मोबदला फॉर्मवर नको, रिपोर्ट बाईच्या हातात पडल्यावर मिळावा.

आणि ‘मेडिकलला दाखवा’ ऐवजी चिठ्ठीवर असं छापलेलं असावं: ‘मंगळवार, सकाळी ९ वाजता. दुसरा मजला, या नंबरची खोली. केसपेपर काढायची रांग नाही, ही चिठ्ठी दाखवा. साडी-ब्लाऊज किंवा सलवार-कुर्ता घालून या, म्हणजे फक्त वरचे कपडे काढावे लागतील. काखेत आणि छातीवर पावडर लावू नका, फोटोत तिचे संशयास्पद ठिपके दिसतात. जेवून या. तपासणारी बाई आहे. सुई लागली तर जागा बधिर करतील. सुईनं गाठ पसरत नाही. रेशनकार्ड आणि आधार आणा. दुपारपर्यंत मोकळ्या व्हाल. रिपोर्ट पुढच्या बुधवारी, फोन आम्ही करू. मंगळवारी जमत नसेल तर खालच्या नंबरवर सांगा, दुसरा मंगळवार मिळेल.’